ओसरीवरची मंडळी

तीन वर्षांत एकमेकांच्या वाऱ्यालाही न उभे राहिलेले दोन सख्खे भाऊ त्या रविवारी दुपारी पाच मिनिटांच्या अंतराने खंडाळ्याच्या घरी येऊन उभे ठाकले. सुवार्ता ओसरीवर ओल्या चटया उलट्या करत होती. ती तशीच कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"दोघं? एकाच वेळी?" ती म्हणाली. "कुणी गेलं की काय?"

"कुणी गेलेलं नाही, वहिनी," शमुवेल छत्री झटकत म्हणाला. "तुमच्याशी बोलायचंय."

"मलाही तुमच्याशीच बोलायचंय," मागून दाविद म्हणाला. तो थोरल्या भावाकडे न बघता बोलला आणि थोरला त्याच्याकडे न बघता आत शिरला.

सुवार्ताने हातातली चटई भिंतीला टेकवली. श्रावण अर्धा सरला होता आणि खंडाळ्यात अडीच महिने ऊन म्हणून दिसलं नव्हतं. मीठ बरणीत पाणी सोडत होतं, कपाटातल्या साड्यांना बुरशीचा वास धरला होता, आणि या चटया तर गेल्या रविवारपासून वाळत होत्या. चार वाजता त्यांच्यावर चाळीस माणसं येऊन बसणार होती. त्या चाळीस माणसांचा चहा व्हायचा होता. सोमवार ते शनिवार लोणावळ्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून पायावर उभं राहायचं आणि रविवारी घरात उभं राहायचं, असं तिचं तीन वर्षं चाललं होतं. त्यात आता हे दोन दीर.

ओसरीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून कस्तुराबाई वाल सोलत होत्या. दोन्ही लेकांनी वाकून आईला सलाम केला. म्हातारीने दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा वालाच्या शेंगेत नख घातलं. त्र्याऐंशी वर्षांच्या त्या बाईला काय ऐकू येतं आणि काय नाही, हे घरात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

आतल्या खोलीत आल्यावर शमुवेलने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. दाविदने खिशातून दुसरा काढून त्याच्या शेजारी ठेवला. मग दोघेही दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले.

"तेवीस तारखेला कोर्टात तारीख आहे," शमुवेल म्हणाला. "आमच्या वकिलांचं म्हणणं, तुमच्या ओसरीवर जे चालतं त्याने आमची बाजू कमजोर होते. मंडळी दुसरीकडे भरते म्हटल्यावर चर्चवर हक्क कुणाचा राहतो?"

"आमचे वकीलही तेच म्हणतात," दाविद म्हणाला. "उलट बाजूने म्हणतात, पण तेच. वहिनी, तुम्ही ही रविवारची भक्ती बंद करा."

सुवार्ता आळीपाळीने दोघांकडे बघू लागली. लोणावळ्याच्या चर्चमध्ये पंचकमिटीच्या निवडणुकीवरून फूट पडली तेव्हापासून जुन्या कमिटीचा सेक्रेटरी शमुवेल आणि नव्या कमिटीचा अध्यक्ष दाविद यांचं सूर्य कुठून उगवतो यावरही एकमत झालेलं नव्हतं. एका शनिवारी जुन्या कमिटीने चर्चच्या फाटकाला कुलूप घातलं. रविवारी नव्या कमिटीने त्याच फाटकाला आपलं कुलूप घातलं. सोमवारी दोघं कोर्टात गेले. पाळकसाहेब दोन्हीकडची बोलणी खाऊन थकले आणि बदली मागून निघून गेले. तेव्हापासून आज पहिल्यांदा या दोघांचं एका गोष्टीवर जुळलं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे तिची ओसरी.

"वाचा तरी," शमुवेल म्हणाला.

तिने चष्मा लावला. "'मी, सुवार्ता एलिया रणपिसे, लिहून देते की माझ्या राहत्या घरी कोणत्याही प्रकारची मंडळी भरत नाही व कधीही भरलेली नाही.'" तिने मान वर केली. "कधीही भरलेली नाही? मग दर रविवारी चाळीस कप मी कुणाचे विसळते, भुतांचे?"

"ती कायद्याची भाषा असते, वहिनी."

"आमचा कागद खरा आहे," दाविद लगेच म्हणाला. "त्यात लिहिलंय, मंडळी भरत होती, ती आजपासून बंद केली."

"वहिनी, त्यांना सांगा," शमुवेल भिंतीकडे बघत म्हणाला, "भरत होती असं लिहिलं की ती कुणी भरवली हा प्रश्न येतो."

"वहिनी, त्यांना सांगा, तो प्रश्न यायलाच पाहिजे. पेटी त्यांचीच मुलगी वाजवते."

"मी निरोप्या नाही," सुवार्ता म्हणाली. "तुम्हाला तोंडं दिलीत देवाने."

पण मनातून तिला, खरं सांगायचं तर, हलकं वाटू लागलं होतं. तिने ही भक्ती सुरू केलीच नव्हती. चर्चला कुलूप लागलं त्या रविवारी सासूबाई पांढरी साडी नेसून, काठी घेऊन तयार बसल्या होत्या. चर्च बंद आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग हितंच बसते," आणि ओसरीवर बसून त्यांनी फाटक्या आवाजात गायला सुरुवात केली. इतक्या मोठ्याने, की रस्त्याने जाणाऱ्या दोन ओळखीच्या बायका थबकल्या आणि आत येऊन बसल्या. पुढच्या रविवारी नऊ जण आले. मग सतरा. जुन्या कमिटीचेही आले, नव्या कमिटीचेही आले, आणि ओसरी एवढीशी असल्यामुळे गुडघ्याला गुडघा लावून बसले. पाळक नाही म्हणून ज्याला जमेल त्याने बोलायचं ठरलं. चर्चमध्ये जन्मभर शेवटच्या बाकावर बसलेली माणसं इथे उभी राहून बोलू लागली. रेल्वेतून निवृत्त झालेले पॉइंट्समन दत्तोबा बोलू लागले. चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंग करणारी सारिका ओळीखाली बोट धरून वाचू लागली. या सगळ्यात सुवार्ताला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या वाट्याला चटया आल्या, चहा आला, मोरीपर्यंत गेलेला चिखल आला.

आता दोन दीर येऊन म्हणत होते, बंद करा. दोष त्यांच्या माथी जाणार होता आणि रविवार तिचा तिला परत मिळणार होता.

"द्या पेन," ती म्हणाली. "दोन्हीवर करते सही. सुटले एकदाची."

दोघा भावांनी एकदमच खिशात हात घातला. जे पेन आधी पुढे आलं ते तिने घेतलं. तेवढ्यात फाटक वाजलं आणि रेनकोटमधली अनघा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पेटी उराशी धरून आत आली. शमुवेलची ही मुलगी तळेगावच्या कारखान्यात नोकरी करत होती आणि वडिलांचं एक अक्षर ऐकत नव्हती.

"पप्पा?" ती दारातच थांबली. "आणि दाविदकाका? काय झालं?" मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. तिने कागद वाचले, दोन्ही, आणि सुवार्ताच्या हातातल्या पेनाकडे बघितलं. "काकू, तू यावर सही करतेयस?"

"करतेय. दमले मी."

"अनघा, मोठ्यांच्या मध्ये बोलू नको," शमुवेल म्हणाला.

"बरोबर आहे," दाविद म्हणाला. "मोठ्यांचं चाललंय." तीन वर्षांत त्याने भावाला दिलेला हा पहिला दुजोरा होता, आणि तो दिल्यावर त्याचाच चेहरा पडला.

"बावीस वर्षं तुमच्या शेजारी तिसऱ्या बाकावर बसले, पप्पा," अनघा म्हणाली. "दत्तोबामामा दर रविवारी मागे बसायचे. त्यांचं नाव मला इथे, या ओसरीवर कळलं. त्यांना तीन मुली आहेत हे इथे कळलं. धाकटीच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर दवाखान्यात कोण बसलं माहितीये? तुमच्या कमिटीचे दोघं आणि काकांच्या कमिटीचे तिघं. आणि तुम्ही लिहून मागताय की मंडळी कधी भरलीच नाही."

"म्हणूनच आमचा कागद—" दाविदने सुरुवात केली.

"तुमचा कागद बंद करा म्हणतो, काका. तो जास्त वाईट आहे."

"वहिनी, हे बंद झाल्याचं लोकांना सांगायचं कुणी?" शमुवेलने विषय बदलला. "मी सांगतो. सेक्रेटरी मी आहे."

"वहिनी, त्यांना सांगा, सेक्रेटरी ते होते. आता अध्यक्ष मी आहे. मी सांगणार."

"वहिनी, त्यांना सांगा, ती निवडणूक—"

"पुरे!" सुवार्ताने पेन टेबलावर आपटलं. "अरे, बंद तरी एकीने करा! एवढंसं काम मिळून करायला आलात आणि पाच मिनिटं टिकला नाहीत."

ओसरीवरून सोललेला वाल परातीत पडल्याचा आवाज आला.

"शमुवेल," कस्तुराबाई म्हणाल्या. "दाविद. हितं या."

दोघे उठले. आईसमोर उभे राहिले तेव्हा एक साठीला टेकलेला आणि एक पंचावन्नचा, पण दोघांनीही हात पाठीमागे बांधले.

"कोरटाचं माझ्या डोक्यात काय शिरत न्हाई," म्हातारी म्हणाली. "मला येकच सांगा. म्या मेले की मला चर्चात नेणार का न्हाई?"

"आई, काय हे!"

"सांग की. फाटकाला दोन कुलपं हायती. माझी पेटी घेऊन तुमी दोगं तितं जाणार. पयलं कुलूप कोन काढनार? त्यानं काढलं आन् तू न्हाई काढलंस, तर आमी काय बाहेरच पावसात ऱ्हायचं व्हय?"

घाटात कुठेतरी गाडी चढवणाऱ्या इंजिनाने लांब शिट्टी दिली. सुवार्ता नेहमीसारखी क्षणभर थांबली. तिचा नवरा एलिया त्याच इंजिनांवर होता. चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारं इंजिन. कुठलंही स्टेशन त्याच्या नावावर नसायचं, गाडी वर पोचली की हा सुटून परत खाली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नऊ दिवसांत तो गेला. तो असता तर या दोघांना कानाला धरून एका ताटात जेवायला बसवलं असतं.

"मी जातो," शमुवेल एकाएकी म्हणाला. कागद न घेता, छत्री न घेता, तो तरातरा अंगणातल्या आपल्या गाडीकडे गेला आणि दुसऱ्या मिनिटाला भिजून परत आला. "फाटकासमोर कुणीतरी गाडी लावलीय!"

रविवारी हे नेहमीचंच होतं. मुंबईचे लोक धबधबा बघायला येत आणि जागा मिळेल तिथे गाडी सोडून जात. समोर कणसं भाजणाऱ्या मेहबूबभाईने तिथूनच ओरडून सांगितलं, "भाऊ, पाच जणं होती, धबधब्याकडं गेली! तासभर तरी काय येत न्हाईत!"

"वहिनी, हे लोक—"

"मला काय सांगता? मी लावली का गाडी?" सुवार्ताने त्याच्या हातात टॉवेल दिला. "डोकं पुसा. आजारी पडलात तर तेही माझ्याच अंगावर येईल."

चार वाजत आले होते. छत्र्या मिटत, पायरीला पाय घासत माणसं येऊ लागली. जो तो आत आला की दारातच अडखळे. एका टोकाला टॉवेल गळ्यात घेतलेला जुना सेक्रेटरी, दुसऱ्या टोकाला नवा अध्यक्ष, आणि मध्ये सुवार्ताच्या ओल्या चटया. लोक मुकाट्याने बसले. एरवी खोकणारेही त्या दिवशी खोकले नाहीत. अनघाने पेटी उघडली, पण वाजवेना.

शेवटी सारिका आली ती धापा टाकत. "सुवार्ताताई, आज बोलायची पाळी दत्तोबामामांची होती. ते काल रात्रीपासून तापाने फणफणलेत. उठवत नाहीये त्यांना. मग आज बोलायचं कुणी?"

सगळ्यांच्या माना आधी शमुवेलकडे वळल्या, मग दाविदकडे. दोघेही बोलण्यात तरबेज. चर्चमध्ये एकेकाळी दोघांनी किती संदेश दिले होते! पण आज शमुवेल उभा राहिला असता तर अर्ध्या लोकांनी तो कुणाच्या वतीने उभा राहिला हे मोजलं असतं, आणि दाविदचंही तसंच. ते दोघांनाही ठाऊक होतं. शमुवेल टॉवेलचं टोक पिळत बसला. दाविदने चष्मा काढून पुसायला घेतला.

"कुणीही बोला," सुवार्ता म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे वळली. "मी चहाचं बघते."

"सुवार्ता," कस्तुराबाईंनी हाक मारली. "ग्यास बंद कर."

"आई, पाणी उकळत आलंय."

"उकळू दे. तीन वरसं झाली, परार्थना सुरू झाली की तू आत जातीस. मला काय दिसत न्हाई व्हय?"

सगळ्यांसमोर! सुवार्ताच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. म्हातारीचा तिला असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आजवर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चहा करणाऱ्या बाईला, तू प्रार्थनेला का बसत नाहीस, असं कुणी विचारत नाही. एलियाच्या त्या नऊ दिवसांत तिने वॉर्डात इतरांची सलाइनं बदलता बदलता, जिन्यात, मास्कच्या आत ओठ हलवत सतत प्रार्थना केली होती. दहाव्या दिवसापासून केली नव्हती. देव नाही असं तिला कधी वाटलं नाही. तो आहे म्हणूनच ती त्याच्याशी बोलत नव्हती. जसे हे दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, तशी.

ही शेवटची गोष्ट तिच्या मनात आली आणि ती दारातच उभी राहिली. तिने आत जाऊन गॅस बंद केला. पदराला हात पुसले. बाहेर आली आणि बसायला जागा नव्हती म्हणून उभीच राहिली.

"मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "ज्यांना येतं ते आज गप्प आहेत. मी नुसती प्रार्थना करते." लोकांनी डोळे मिटले. तिने मिटले नाहीत.

"प्रभू, मी दमले आहे. आधी ते सांगते. मी नऊ दिवस तुझ्याकडे मागितलं आणि तू दिलं नाहीस. का, ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही, रुसून आत जाऊन बसले. मग तू माझ्या घरात ही चाळीस माणसं आणून बसवलीस. मला विचारलंसुद्धा नाहीस. माझ्या चटया वाळत नाहीत, माझी कंबर दुखते, यांच्यातला एकही माणूस कप जागेवर ठेवत नाही."

कुणीतरी हसू दाबलं. सुवार्ता थांबली नाही.

"आज मी हे सगळं बंद करणार होते. पेन हातात घेतलं होतं. पण तुला खोटं सांगून उपयोग नाही. सारिका वाचायला लागली की मी नळ बंद करते. पहिल्या वर्षी तिला एक ओळ पुरी करता येत नव्हती. मी आत उभी राहून, तिचा शब्द अडला की तो मनातल्या मनात म्हणायचे. आता तिचा शब्द अडत नाही. आता मी नुसती ऐकते. दत्तोबा प्रार्थनेत एलियाचं नाव घेतात तेही मी ऐकते. कुलूप लागल्यावर आम्ही संपू असं मला वाटलं होतं. तू आम्हाला वाढवलंस. कसं ते मला कळत नाही, आणि खरं तर मला त्याचा त्रासच झाला. पण वाढवलंस. दत्तोबांचा ताप उतरव. आणि हे माझे दोन दीर आहेत, यांचं काय करायचं ते मला अजिबात सुचत नाही. तू बघ. आमेन."

"आमेन," चाळीस जण म्हणाले. शमुवेल तेवढा म्हणाला नाही. त्याने टॉवेल तोंडाला लावला होता आणि त्याचे खांदे हलत होते. दाविद भावाकडे बघत होता, उघडपणे, तीन वर्षांत पहिल्यांदा. मग अनघाने भाता हलवला, आणि म्हातारीने सगळ्यांच्या आधी, चुकीच्या सुरात, गायला सुरुवात केली.

सगळं आटोपून लोक पायरी उतरू लागले तेव्हा सुवार्ताने दोन्ही कागद आपापल्या मालकाच्या हातात दिले. "सही करणार नाही मी."

"वहिनी, तारखेला अडचण होईल," शमुवेल म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

"होऊ दे."

"केस हरलो तर?"

"तर तुमचा भाऊ जिंकेल. घरातच राहील ना?"

दाविदने आपला कागद चार घड्या करून खिशात घातला. त्याने तो फाडला मात्र नाही, आणि तेवीस तारीखही टळणार नव्हती, हे सुवार्ताला कळत होतं.

"आता ऐका," ती पर्स उचलत म्हणाली. "मला दत्तोबांना बघायला जायचंय. काल रात्रीपासूनचा ताप, वय सत्तर, बाहेर हा पाऊस. गरज पडली तर दवाखान्यात न्यावं लागेल. जिना अरुंद आहे, उचलून खाली आणायला दोन माणसं लागतील. शमुवेलभाऊजी, तुमची गाडी काढा. दाविदभाऊजी, तुम्ही चला. अनघा, तूही."

"मी माझ्या गाडीने येतो," दाविद म्हणाला.

"या ट्रॅफिकमध्ये दोन गाड्या? काही नाही. बसा पुढे."

फाटकासमोरची गाडी एव्हाना मालकांनी हलवली होती. शमुवेल स्टिअरिंगवर, दाविद त्याच्या शेजारी, सुवार्ता आणि अनघा मागे. जुन्या रस्त्याला लागल्याबरोबर गाडी थांबली. पुढे दिव्यांची लांबच लांब रांग, धुकं, हॉर्न. एक ओला चिंब तरुण काचेवर टकटक करून "भुशी डॅम किधर है?" म्हणून विचारून गेला. दहा मिनिटांत ते चार हात पुढे सरकले. सुवार्ताने डोक्याला हात लावला. एका रविवारात माणसाने किती सोसायचं?

"डावीकडून घे," दाविद म्हणाला. "आतल्या रस्त्याने निघू."

"तिकडे पाणी साचलंय."

"दुपारी तिथूनच आलो मी."

"दुपारी असेल. मला गाडी चालवायला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. दत्तोबा तिकडे तापात पडलाय आणि तू इथे हॉर्न वाजवत बसलायस."

"मग उतर आणि बघ पाणी आहे का! नुसता बसून बोलतोयस."

दाविद दार उघडून उतरला. धो धो पावसात हात हलवत वळणावर जाऊन त्याने पाणी बघितलं, आणि ये, ये, म्हणून भावाला खूण करू लागला. शमुवेलने स्टिअरिंग डावीकडे वळवलं. "पँट भिजवून घेतली मूर्खाने," तो पुटपुटला. "लहानपणापासून असाच."

अनघा सुवार्ताच्या कानाशी आली. "काकू," ती कुजबुजली, "हे दोघं बोलतायत."

"कळतंय मला," सुवार्ता म्हणाली. "गप्प बस. त्यांच्या लक्षात येईल."